एका सामन्याचा हंगाम

मार्च २०२५ मध्ये आमचे खुलताबाद देशभरच्या टीव्हीवर होते. ‘छावा’ सिनेमा येऊन महिना झाला होता, औरंगजेबाची कबर उखडून टाकण्याच्या घोषणा सुरू होत्या, १७ मार्चला नागपुरात दंगल झाली आणि इकडे त्या साध्या, वरून उघड्या, मातीच्या कबरीभोवती पत्रे आणि तारा आल्या. बंदोबस्त आला, कॅमेरे आले. पुढच्या महिन्यात गावाचे नाव बदलून रत्नपूर करण्याची चर्चाही पालकमंत्र्यांनी सुरू करून दिली. ज्या गावात बुऱ्हाणुद्दीन गरीब आणि जरजरी जरबक्श झोपले आहेत, जिथे मलिक अंबरची कबर आहे, जिथे हनुमान जयंतीच्या आदल्या रात्री हजारो माणसे शहरातून पायी चालत भद्रा मारुतीला येतात, त्या गावाला देशाने एकच प्रश्न विचारला. औरंगजेब तुमचा कोण?

त्या दिवसांत मी गल्लीतल्या एका मुलाला फोन केला. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला मामू म्हणतो, नात्याने नव्हे, मोहल्ल्याने. मी वडीलधाऱ्यांनी सांगायचे ते सांगितले. चौकात थांबू नको, कोणी माइक पुढे केला तर बोलू नको, मोबाइलवर काही टाकू नको. तो ‘हौ मामू, हौ मामू’ करत राहिला. विषय बदलायला म्हणून मी विचारले, फुटबॉल कसा चाललाय, सीझन कसा गेला?

तो हसला. म्हणाला, “सीझन तो जिस दिन शुरू हुआ ना मामू, उसीच दिन खतम हुआ.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलेले नाही. औरंगजेबावर लिहायला माणसे खूप आहेत. मी या वाक्यावर लिहितो.

त्याच्या कॉलेजचे नाव मुद्दाम लिहीत नाही. नाव लिहिले की दोष त्या एका कॉलेजचा ठरतो आणि बाकीचे हात झटकून मोकळे होतात. त्या संघाचा हंगाम असा झाला. जुलैत प्रवेश झाले, प्रवेशाच्या पावतीत क्रीडा शुल्क कापले गेले. पावसाळाभर मैदानात चिखल आणि गाजरगवत. मग एक दिवस नोटीस बोर्डावर कागद लागला की फुटबॉल संघात भाग घेऊ इच्छिणाऱ्यांनी नावे द्यावीत. बावीस जणांनी दिली. त्यातल्या काहींनी स्टडचे बूट पायात कधी घातलेले नव्हते. पात्रता अर्ज, बोनाफाईड, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, फोटो, प्राचार्यांची सही आणि शिक्का. या कागदपत्रांना जेवढे दिवस लागले तेवढे सरावाला मिळाले नाहीत. जर्सी मागच्या वर्षीच्याच, त्यामुळे पाठीवरचे नंबर अर्धे निघालेले. एका सकाळी दोन जीप करून पोरे दुसऱ्या तालुक्यात गेली. साडेदहाचा सामना दीड वाजता सुरू झाला. एक-एक बरोबरी. टायब्रेकर. शेवटची किक पोस्टला लागली. वडापाव खाऊन सगळे परतले, आणि दुसऱ्या दिवशी जर्सी धुऊन कपाटात जमा झाल्या.

ती शेवटची किक याच मुलाची होती.

आता विचार करा. पेनल्टी चुकली, यात काही विशेष नाही. रोबर्तो बाजोने १९९४ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात चुकवली होती, सगळ्या जगासमोर. पण त्याच्या पुढे क्लबचा सीझन होता, पुढचा रविवार होता. चार वर्षांनी १९९८ च्या विश्वचषकात पहिल्याच सामन्यात पेनल्टी मिळाली तेव्हा ती त्यानेच घेतली आणि गोल केला. आमच्या पोराला पुढची पेनल्टी मारायला एक वर्ष थांबायचे होते. तेही कॉलेज सुटले नाही तर, संघ निघाला तर, फॉर्म वेळेत गेला तर.

कॉलेजच्या स्पर्धा आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बाद पद्धतीने होतात. हरला की घरी. सोय सगळ्यांची असते. आयोजकाला दोन-तीन दिवसांत उरकते, क्रीडा विभागाचा अहवाल भरतो, विजेत्या संघाचा ट्रॉफीसह फोटो येतो. विद्यापीठाच्या संघासाठी निवड चाचणी होते, निवडलेली मुले आंतरविद्यापीठ स्पर्धेला पश्चिम विभागात जातात. उरलेल्यांचे काय, हा प्रश्न कोणाच्या टेबलावरच येत नाही. हिशेब अगदी प्राथमिक शाळेतला आहे. सोळा संघ असतील तर बाद पद्धतीत एकूण सामने पंधरा. सोळांपैकी आठ संघ एक सामना खेळून घरी जातात. म्हणजे निम्म्या मुलांचा वर्षाचा हंगाम म्हणजे एक दुपार. तेच सोळा संघ चार-चारच्या गटांत साखळीने खेळवा आणि गटविजेत्यांची उपांत्य आणि अंतिम फेरी घ्या. सामने होतात सत्तावीस. कोणत्याही संघाला किमान तीन सामने मिळतात. फरक बारा सामन्यांचा. दोन मैदाने आणि रोज चार सामने धरले तर तीन दिवस जास्त.

तीन दिवस. एवढेच. या तीन दिवसांसाठी पैसा नाही, पंच नाहीत, परीक्षा आहेत, असे सांगितले जाते. परीक्षा आहेत हे खरे आहे. सेमिस्टर आल्यापासून कॉलेज म्हणजे दोन परीक्षांमधली रिकामी जागा झाली आहे. अनेक महाविद्यालयांत शारीरिक शिक्षण संचालकाचे पद वर्षानुवर्षे रिकामे आहे आणि इतिहासाचे किंवा वाणिज्यचे सर ‘स्पोर्ट्सचा चार्ज’ सांभाळतात. त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. त्यातले काही खिशातून वडापाव घालतात.

पण पैसा नाही, हे मात्र आमच्या जिल्ह्यात तरी कोणी तोंड वर करून सांगू नये. डिसेंबर २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या विभागीय क्रीडा संकुलाच्या बँक खात्यातून २१ कोटींहून अधिक रुपये वळवले गेल्याचे प्रकरण उघड झाले. तेरा हजार पगाराच्या कंत्राटी कर्मचाऱ्यावर गुन्हा दाखल झाला. बातम्यांत बीएमडब्ल्यू होती, फ्लॅट होता, आणि लोकांनी त्यावर महिनाभर विनोद केले. दोषी कोण ते न्यायालय ठरवेल. मला वेगळीच गोष्ट टोचली. खेळाच्या खात्यातून २१ कोटी बाहेर जातात आणि कितीतरी महिने कोणाला काही कमी झाल्यासारखे वाटत नाही! ते पैसे मैदानावर खर्च होत असते तर पहिल्याच आठवड्यात कोणीतरी ओरडले असते की बॉल कुठेत, पंचांचे मानधन कुठे.

मग एक वर्षाने, १४ डिसेंबर २०२५ ला मेस्सी वानखेडेवर आला. मीही मोबाइलवर पाहिले, खोटे कशाला बोलू. त्याच सोहळ्यात राज्य सरकारने ‘महादेवा’ नावाचा प्रकल्प पुढे आणला. तेरा वर्षांखालील निवडक मुलामुलींना शिष्यवृत्ती आणि प्रशिक्षण. चांगली गोष्ट आहे, त्या मुलांचे भले होवो. पण तीही निवडच. त्याआधी सप्टेंबर २०१७ मध्ये, सतरा वर्षांखालचा विश्वचषक भारतात होणार होता तेव्हा, एका दिवशी दहा लाख मुलांना फुटबॉल खेळवण्याचा कार्यक्रम झाला होता. एक दिवस! आपल्या सरकारांना एक दिवस कळतो. फोटो एका दिवसात होतो. जूनपासून मार्चपर्यंत दर शनिवारी एक सामना, याचा फोटो कसा काढणार?

आता थोडे मागे जावे लागेल, कारण आपण कुठून आलो हे आपल्याच मुलांना माहीत नाही. माहिती आहे ती औरंगजेबाची, तीही टीव्हीने दिलेली.

मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानाचे विद्यापीठ उस्मानिया, १९१८ चे, उर्दू माध्यमाचे. औरंगाबादचे इंटरमीजिएट कॉलेज त्याच विद्यापीठाचे. बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक तिथे प्राचार्य होते. त्याच उस्मानियात हैदराबादचा एक मुलगा शिकला, विद्यापीठाच्या फुटबॉल संघात खेळला आणि पुढे शाळेत मास्तर झाला. सय्यद अब्दुल रहीम त्याचे नाव. ‘मैदान’ सिनेमामुळे आता थोडे लोक ओळखतात. रहीमसाहेब १९५० मध्ये हैदराबाद सिटी पोलिसांच्या संघाचे प्रशिक्षक झाले आणि त्या संघाने मुंबईत येऊन कूपरेजवर १९५० ते १९५४ सलग पाच वर्षे रोव्हर्स कप जिंकला.

त्यांच्याबद्दल सांगितले जाते ते बहुतेक पदकांचे सांगितले जाते. १९५१ च्या दिल्लीतल्या आणि १९६२ च्या जकार्तातल्या आशियाई स्पर्धांचे सुवर्ण, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमधला चौथा क्रमांक. जकार्ताच्या वेळी फुप्फुसाचा कॅन्सर अंगात होता, जून १९६३ मध्ये ते गेले. मला त्यांची दोन वेगळीच कामे मोठी वाटतात. एक म्हणजे त्यांनी हैदराबादेत निरनिराळ्या स्पर्धा काढल्या. एक अशी, ज्यात ड्रिबल करायचेच नाही, चेंडू आला की पुढे पास. एक अशी, ज्यात फक्त कमजोर पायाने मारायचे. मास्तर माणूस होता, मास्तराचे डोके. मुलाला जे येत नाही त्याचाच त्याने तास लावला, आणि तास म्हणजे भाषण नव्हे, सामना.

दुसरी गोष्ट हेलसिंकीची. १९५२ च्या ऑलिंपिकमध्ये रहीम यांचा भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ हरला. आपले अनेक खेळाडू अनवाणी होते. तीही बाद पद्धतच, एका सामन्यात भारत घरी. आज असे झाले तर प्रशिक्षकाला विमानतळावरच काढून टाकतील, आणि त्याचे नाव सय्यद अब्दुल रहीम असेल तर आणखी काय काय म्हणतील ते मी इथे लिहीत नाही. त्यांना काढले नाही. संघ बूट घालायला लागला, रचना बदलली, आणि मुख्य म्हणजे खेळाडूंना घरी आल्यावर खेळायला सामने होते. हैदराबादची मैदाने होती, कलकत्त्याची लीग होती, रोव्हर्स होता, ड्युरँड होता. १ नोव्हेंबर १९५६ ला हैदराबाद राज्य संपले आणि आमचा मराठवाडा मुंबई राज्यात आला. बरोबर एका महिन्याने, १ डिसेंबरला, मेलबर्नमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला ४-२ हरवले. तीन गोल नेव्हिल डिसूझाचे. संघात नूर मोहम्मद, अझीझुद्दीन, तुलसीदास बलराम असे हैदराबादी होते. उपांत्य सामन्यात पुन्हा युगोस्लाव्हिया. त्यात पहिला गोल भारताने केला. शेवटी ४-१ ने हरलो, पण १०-१ पासून ४-१ पर्यंतचा हा रस्ता चार वर्षांच्या सामन्यांनी बांधला होता.

नकाशावर रेघ सरकली आणि आम्ही त्या हैदराबादपासून सुटलो. भाषेने आम्ही महाराष्ट्राचे, त्याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. पण रेघेच्या पलीकडे लीगही राहून गेली.

सांगायचे आहे ते असे. मुलगा घडतो तो हरल्यानंतर मिळालेल्या पुढच्या सामन्यात. आणि नेमका तोच सामना आपण त्याला देत नाही. ही गोष्ट फुटबॉलपुरती असती तर मी एवढी शाई वाया घालवली नसती. मुस्लीम पोराचे सगळे आयुष्यच आपण बाद पद्धतीवर लावून ठेवले आहे. दहावीला गणितात गेला की गॅरेज. बारावीला गेला की आखाती देशाचा पासपोर्ट, नाहीतर फळांचा गाडा. सच्चर समितीने २००६ मध्ये आणि आपल्या राज्यात महमूदुर रहमान समितीने नंतर ही गळती कागदावर दाखवली. अहवाल कपाटात आहेत, जर्सींच्या शेजारी.

आणि आता नवी बाद फेरी मोबाइलवर आहे. जून २०२३ मध्ये कोल्हापुरात काही पोरांच्या स्टेटसवरून शहर पेटले. त्या पोरांत अल्पवयीनही होते. स्टेटस ठेवणे मूर्खपणाचे होते, हे मी तेव्हाही म्हटले होते. तीनशे वर्षांपूर्वीच्या बादशहाचा फोटो टाकून आपण कोणाला तरी उत्तर देतो आहोत असे सतरा वर्षांच्या पोराला वाटत असेल तर त्याला दुसरे काही करायला मिळालेले नाही, एवढाच मी अर्थ काढतो. पण मूर्खपणा हा सतराव्या वर्षाचा हक्क आहे. दुसऱ्या पोरांना तो आहे. त्यांचा मूर्खपणा ‘वय आहे’ म्हणून निघून जातो. आपल्या पोराची एक किक चुकली की संपले. गुन्ह्याची नोंद, पासपोर्टला अडचण, कॉलेजमधून बोलावणे, बापाची भाड्याची दुकाने रिकामी. त्या मार्च महिन्यात मी फोनवर त्या मुलाला जे सांगत होतो, थांबू नको, बोलू नको, टाकू नको, तेही हेच होते. मीही त्याला सांगत होतो की तुला एकच सामना आहे, चूक करू नकोस.

कोल्हापूरचे नाव निघालेच आहे तर तिथली दुसरी बाजूही सांगतो. महाराष्ट्रात फुटबॉलचा खरा हंगाम कुठे असेल तर तो कोल्हापुरात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, या तालमी आणि मंडळांचे संघ शाहू स्टेडियमवर लीग खेळतात. पेठेपेठेत भांडण लागते, गॅलरी भरते, मग लीगनंतर आणखी स्पर्धा. हरलेला संघ पुढच्या आठवड्यात परत मैदानात. २०१७ च्या सतरा वर्षांखालच्या विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव तिथलाच. तिथे मेस्सी कधी आला नाही. तालमी होत्या, आणि तालमीत येणाऱ्या पोराला जात-धर्म विचारायची पद्धत नव्हती. खेळ असला की दंगल होत नाही, असा भाबडा दावा मी करत नाही. जूनमध्ये ते शहर पेटलेच. पण पुढच्या हंगामात तीच पोरे पुन्हा एकमेकांना पास देत होती. आमच्याकडे दंगलीनंतर पास द्यायला मैदानच नसते.

आता आपल्या घरातले. सरकारला शिव्या देऊन थांबलो तर हा लेख तुम्हाला आवडेल आणि काही होणार नाही.

राज्याच्या वक्फ मंडळाचे मुख्यालय आमच्याच शहरात आहे, पाणचक्कीला. वक्फच्या जमिनींवर अतिक्रमणे किती, यावर आपले नेते तासभर बोलतात. बोलावेच. पण ज्या जमिनी आपल्या हातात आहेत त्यांवर आपण काय बांधले? शादीखाने. दुकानांचे गाळे. मी मराठवाड्यात बरेच फिरलो आहे. जलशांसाठी मंडप पडलेले पटांगण पाहिले आहे, त्याच पटांगणाला कायमचे गोलपोस्ट लावलेले पाहिलेले नाही. पटांगण इज्तेम्यासाठी मोकळे ठेवता येते तर उरलेले साडेतीनशे दिवस पोरांसाठी का नाही? विचारले की उत्तर येते, भांडणे होतात, शिव्या देतात, नमाज बुडवतात. चौकात टपरीवर बसून जणू ती नमाजच पढत असतात.

केरळात मलप्पुरम जिल्हा बघा. बहुसंख्य मुसलमान, आणि देशातला सगळ्यात फुटबॉलवेडा जिल्हा. भातकापणी झाली की शेतात सात-सात जणांचे सामने सुरू होतात ते पाऊस येईपर्यंत. गावोगावी स्पर्धा, तात्पुरत्या लाकडी गॅलऱ्या, दिव्यांखाली रात्रीचे सामने. भारताकडून खेळलेला अनस एडथोडिका तिथल्याच कोंडोट्टीचा. तिथली कॉलेजे फुटबॉलसाठी ओळखली जातात आणि कालिकत विद्यापीठाने आंतरविद्यापीठ विजेतेपद अनेकदा नेले आहे. २०२२ मध्ये संतोष ट्रॉफीचा अंतिम सामना मलप्पुरममधल्या मंजेरीला झाला, २ मे रोजी. दुसऱ्या दिवशी ईद. रोजे ठेवून, इफ्तार करून लोकांनी स्टेडियम भरले. केरळने पेनल्टींवर बंगालला हरवले. त्याच वर्षी विश्वचषकाच्या वेळी तिथल्या एका उलेमा मंडळींच्या समितीने फुटबॉलवेड अती झाले, खेळाडूंचे कटआउट लावू नका, असा इशारा दिला होता. लोकांनी तो ऐकून घेतला, मौलानांना सलाम केला आणि मॅच बघायला गेले. कोणाचा इमान कमी झाल्याचे ऐकिवात नाही.

आपल्याकडे रमजानमध्ये तरावीहनंतर पोरे रस्त्यावर बल्ब लावून नाइट क्रिकेट खेळतात. त्यात कोणाची काच फुटते, मग कोणीतरी पोलिसांना फोन करतो. ही ऊर्जा आहे, हा वेळ आहे, रात्री बारा वाजता चाळीस पोरे एका जागी आहेत. दुसऱ्या कोणत्याही समाजाने यातून लीग उभी केली असती. आपण त्यांना हाकलतो आणि जुम्याच्या बयानात तरुण पिढी वाया गेल्याचे ऐकतो.

आणि मुली? मी इतका वेळ ‘पोरे पोरे’ करतो आहे, ते लक्षात आलेच असेल. त्या कॉलेजात मुलींचा संघ नाही. ठाण्याजवळच्या मुंब्र्यात ‘परचम’ नावाच्या गटाने मुस्लीम मुलींचा फुटबॉल सुरू केला, त्याला आता दहा वर्षांहून जास्त काळ झाला. त्यांची पहिली लढाई खेळाची नव्हतीच, मैदानावर मुलींना वेळ राखून मिळावा याची होती. सह्या गोळा केल्या, घरोघर जाऊन आयांना समजावले, मग दुसऱ्या जातिधर्मांच्या मुली त्यांच्याबरोबर आल्या. डोक्यावर कपडा घालून कसे खेळणार, हा प्रश्न तर आता फिफालाही पडत नाही. २०१४ मध्येच त्यांनी परवानगी दिली. प्रश्न फक्त आपल्याला पडतो. मुंब्र्यात जे झाले ते खुलताबादेत होणार नाही असे सांगणारा मला अजून एकही बाप भेटलेला नाही. भेटतात ते काका आणि चुलत भाऊ.

काही वाचक म्हणतील, घरांवर बुलडोझर चालत असताना हा फुटबॉल काय घेऊन बसलात? दुसरे म्हणतील, फुटबॉलने पोट भरत नाही, त्यापेक्षा यूपीएससीचे मोफत क्लास काढा. पहिल्यांना माझे सांगणे एवढेच की बुलडोझरची वाट बघत बसणे हा कार्यक्रम होऊ शकत नाही. दुसऱ्यांचे म्हणणे मी जास्त गंभीरपणे घेतो. क्लास काढा, जरूर काढा. पण यूपीएससी ही या देशातली सगळ्यात क्रूर बाद फेरी आहे. हजारात एखादा वर जातो, त्याचा सत्कार होतो, त्याच्या हाराच्या फोटोवर समाज दोन वर्षे काढतो. उरलेल्या नऊशे नव्व्याण्णवांचे नाव तरी कोणी विचारते का? शिवाय पोटाचाच हिशेब करायचा तर या राज्यात सरकारी नोकऱ्यांत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. त्याला स्पर्धेची प्रमाणपत्रे लागतात, आणि ती वरच्या पातळीवर खेळल्याशिवाय मिळत नाहीत. जो वर्षातून एकदा खेळतो तो वर जाणार कसा? म्हणजे कायद्याने दिलेला दरवाजा आहे आणि आपली मुले त्या दरवाजापर्यंत नेणाऱ्या जिन्याच्या पहिल्या पायरीवरून घरी येतात.

आणखी एक सूचना मला दरवेळी येते, की आपल्या मुलांचा वेगळा संघ काढू, मी दहा हजार देतो. दहा हजार द्या, संघ वेगळा नको. १९३७ मध्ये रोव्हर्स कप जिंकणारा पहिला भारतीय संघ बंगलोर मुस्लिम्स होता, मोहम्मेडन स्पोर्टिंगने १९४० मध्ये ड्युरँड नेला. त्या काळाचा तो अभिमान मी समजू शकतो. पण मुंबईत धर्मावर संघ पाडून क्रिकेट खेळण्याची पद्धत १९४६ नंतर बंद झाली ते बरेच झाले. त्या कॉलेजच्या संघाचा गोलकीपर दरवर्षी घरच्यांबरोबर भद्रा मारुतीला पायी जातो. टायब्रेकरनंतर या मुलाला उठवून जीपमध्ये बसवणारा तोच होता. हा संघ मला मोडायचा नाही, याला आणखी दोन सामने मिळवून द्यायचे आहेत.

तेव्हा मागणी छोटी आहे. कॉलेजच्या स्पर्धा साखळीने घ्या, तीन दिवस वाढवा. क्रीडा शुल्काचा हिशेब नोटीस बोर्डावर लावा, तिथेच, जिथे संघाची नावे लागतात. आणि आमच्या जमातीच्या, ट्रस्टच्या, दर्ग्यांच्या कमिट्यांनो, सरकार ऐकेपर्यंत तुम्ही थांबू नका. खुलताबाद, दौलताबाद, वेरूळ, कन्नड, फुलंब्री. सगळी तासाभराच्या आतली गावे. प्रत्येकी एक संघ आणि दर शुक्रवारी असरनंतर एक सामना धरला तरी डिसेंबर ते मार्च एक लीग निघते. खर्च दोन बॉल, एक शिट्टी, चुन्याचे पोते. एका वलीम्याच्या जेवणात चार वर्षे चालेल.

यंदाच्या स्पर्धेचा ड्रॉ लागला तेव्हा त्या मुलाचा मेसेज आला होता. त्यांच्या संघाला पहिल्या फेरीत बाय मिळाला होता, न खेळताच दुसऱ्या फेरीत. मी अभिनंदन केले. पेनल्टीचा सराव केला का, असेही विचारले. त्याचे उत्तर बऱ्याच वेळाने आले.

“रोज करतूं मामू. पन बाय मिला मतलब एक मॅच कम हुई ना.”